सांगलीहून अमेरिकेला, व्हाया दुबई

दुबईच्या एमिरेट्स कंपनीचं विमान पुण्याला उतरायला लागलं तर सांगलीत पहिले पेढे मी वाटायला हवेत. विश्रामबागला माझं विमान तिकिटांचं ऑफिस आहे. माझ्याकडे परदेशी जाणारं बहुतेक गिऱ्हाईक आजही दुबई, दोहा नाहीतर अबुधाबीवरूनच पुढे जातं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबई गाठायची, पहाटे सायनला उतरून बॅगांसकट टॅक्सी करायची, विमानतळावर पुन्हा काही तास बसायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाचं अर्धं बळ तिथेच संपतं. पुण्यातून विमान सुटलं तर हा सगळा व्याप वाचेल, आणि माझ्या ऑफिसची गर्दीही वाढेल.

तरीही ते विमान आज पुण्यात नको, असं माझं मत आहे. गिऱ्हाइकांना हे पटत नाही, घरातही पटत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मुद्दा काय तो सांगते. २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीनं भारताकडे आठवड्याला आणखी ५० हजार जागा मागितल्या आणि आठ नवी शहरं मागितली. त्यात गोवा, अमृतसर, कोइम्बतूर यांच्याबरोबर पुणेही होतं. कुठल्याही देशाचं विमान दुसऱ्या देशात मनाला येईल तसं उतरू शकत नाही. दोन सरकारं करार करतात, त्यात आठवड्याला दोन्ही बाजूंनी किती जागा हे ठरतं आणि कुठल्या शहरांत उतरायचं हेही ठरतं. भारत आणि दुबई यांच्यात हा आकडा सध्या प्रत्येक बाजूला ६५ हजारांच्या आसपास आहे. २०१४ पर्यंत तो ५४,२०० होता. त्यानंतर दिल्लीनं दार लावून घेतलं, ते अजून उघडलेलं नाही. एमिरेट्सचे वरिष्ठ दर थोड्या दिवसांनी जाहीरपणे जागा मागतात आणि आपलं मंत्रालय नाही म्हणतं.

म्हैसाळ योजनेच्या पाण्यावर शेती करणाऱ्या माणसाला हे मी असं सांगते: कालव्याच्या पाण्यात तुमचा आणि शेजाऱ्याचा वाटा कागदावर सारखा आहे. पण तुमची पाळी आली तेव्हा तुमची मोटर जळालेली. शेजाऱ्यानं आपला वाटा पुरता उचलला, त्यावर बाग उभी केली आणि आता तो म्हणतो, माझी बाग मोठी झाली, मला पाणी वाढवून द्या. शेजारी लबाड नाही. पण तुमची मोटर का जळाली होती, ते विचारायला हवं की नको?

माणसं दुबईवरून का जातात, हे मी रोज टेबलापलीकडे बघते. तासगाव भागातले एक द्राक्ष बागायतदार आले होते. मुलगा डॅलसला. सुनेचं बाळंतपण, म्हणून पत्नीला एकटीला पाठवायचं. ते म्हणाले, "ताई, आमची मंडळी एकटीच जाणार हाय. मधी उतरून दुसऱ्या इमानात कसं बसायचं, तेवढं नीट बघा. पैशाचं ऱ्हाऊ द्या." डॅलसला मुंबईहून थेट विमान नाही. ह्यूस्टन, सिअ‍ॅटल, बोस्टनलाही नाही. आपल्याच कंपनीनं पाठवायचं तर बऱ्याचदा दिल्लीला बदल, मग अमेरिकेच्या एखाद्या मोठ्या शहरात इमिग्रेशन, तिथे बॅग स्वतः उचलून पुन्हा टाकायची आणि तिसरं विमान. एमिरेट्सनं मुंबई ते दुबई, दुबई ते डॅलस. एकच बदल. दुबईला व्हीलचेअर घेऊन माणूस दारात उभा असतो. मी सगळ्याच वयस्कर बायकांसाठी व्हीलचेअर टाकते. पाय धड असले तरी टाकते, कारण चाकांपेक्षा ती ढकलणाऱ्या माणसाची गरज असते. तोच त्यांना बरोबर गेटवर नेऊन बसवतो. वरून जेवणाचा कोड टाकायचा. आमच्याकडे जैन गिऱ्हाईक पुष्कळ, त्यांच्यासाठी व्हीजेएमएल. दुबईच्या विमानात तो डबा न चुकता नावानिशी येतो. त्या बाईंना मी दुबईवरूनच पाठवलं. पुढची अशी कुणी आली तरी तसंच पाठवीन, कारण तिच्या प्रवासावर मला माझी मतं चालवायची नाहीत.

पण ही सोय दुबईला आभाळातून पडलेली नाही. एमिरेट्स सुरू झाली ती १९८५ च्या ऑक्टोबरात. तेव्हा विमानं पाकिस्तानच्या कंपनीकडून भाड्यानं घेतलेली आणि पहिली ठिकाणं कराची, मुंबई आणि दिल्ली. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांचं गिऱ्हाईक आपण. त्या वेळी एअर इंडिया जुनी, नावाजलेली कंपनी होती. १९६० मध्ये आशियात पहिल्यांदा जेट विमान आणणारी आणि १९६२ पर्यंत नुसत्या जेट विमानांवर चालणारी. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं तरी जे. आर. डी. टाटा अध्यक्ष राहिले आणि कंपनीचा दर्जा टिकला. १९७८ मध्ये त्यांना त्या खुर्चीवरून दूर केलं. त्यानंतर कंपनी मंत्रालयाच्या हातात हळूहळू झिजत गेली.

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. १९९४ मध्ये सरकारी कंपन्यांची मक्तेदारी ठेवणारा जुना कायदा रद्द झाला, खासगी कंपन्यांना मोकळीक मिळाली. जेट एअरवेजमध्ये तेव्हा गल्फ एअर आणि कुवेत एअरवेज यांचा पैसा होता. १९९७ च्या धोरणानं ठरवलं, की परदेशी विमान कंपनीचा पैसा देशी विमान कंपनीत चालणार नाही. इतर परदेशी पैसा चालेल, पण ज्यांना हा धंदा कळतो त्यांचा नाही. त्या दोघांना बाहेर पडावं लागलं. टाटांना सिंगापूर एअरलाइन्सबरोबर कंपनी काढायची होती, तीही तेव्हा उभी राहिली नाही. ही बंदी उठायला २०१२ साल उजाडलं.

आणि ५/२० चा नियम! २००४ मध्ये ठरलं, की भारतातल्या कंपनीला परदेशात उडायचं असेल तर आधी देशात पाच वर्षं काढायची आणि ताफ्यात वीस विमानं हवीत. आता तारखा बघा. अबुधाबीची एतिहाद स्थापन झाली २००३ मध्ये आणि २००४ मध्ये तिचं विमान मुंबईत उतरलंसुद्धा. एका वर्षाची परदेशी कंपनी मुंबईतून प्रवासी उचलणार, आणि मुंबईतलीच नवी कंपनी पाच वर्षं नागपूर-इंदूर करत बसणार. इंडिगो सुरू झाली ऑगस्ट २००६ मध्ये, दुबईला गेली सप्टेंबर २०११ मध्ये. मधल्या पाच वर्षांतच दुबईच्या जागा भराभर वाढवून दिल्या गेल्या आणि २०११ मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनं आपल्या अहवालात त्यावर बोट ठेवलं: भारतातून निघालेला प्रवासी आखाताला फक्त विमान बदलायला जातो आणि त्याचा फायदा तिथल्या कंपन्यांना होतो. ५/२० पैकी पाच वर्षांची अट २०१६ मध्ये गेली, विमानांची राहिली. तोपर्यंत आमच्या भागातल्या घराघरांत दुबईचा विमानतळ मिरज जंक्शनइतका पाठ झाला होता.

एअर इंडियाचं काय झालं ते तर वाचूनही त्रास होतो. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सबरोबर विलीनीकरण केलं. दोन्हींनी मिळून १११ विमानं मागवलेली, सगळी कर्जावर. त्यात न थांबता अमेरिकेपर्यंत जाणारी आठ ७७७-२०० एलआर विमानं होती. त्यांतली पाच २०१३-१४ मध्ये विकली. कुणाला? एतिहादला. त्यांनी ती अबुधाबीहून लॉस एंजेलिसला लावली. त्या विमानात भारतातून अबुधाबीला जाऊन बसणारे किती असतील याचा विचार मी करते तेव्हा फार वाईट वाटतं. पुढे २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे परत गेली. मग मुंबईहून अमेरिकेला थेट उडायला त्याच जातीची विमानं, अमेरिकेच्या डेल्टा कंपनीनं वापरून सोडलेली, भाड्यानं आणावी लागली.

२०१३ मध्येच आणखी एक व्यवहार झाला. एतिहादनं जेटमध्ये २४ टक्के हिस्सा घेतला, २,०५८ कोटी रुपयांना. त्याच सुमाराला अबुधाबीच्या जागा आठवड्याला १३ हजारांच्या घरातून ५० हजारांवर नेल्या. जेटनं लंडनच्या हीथ्रोवरचे आपले स्लॉट, म्हणजे विमान उतरवायच्या-उडवायच्या राखीव वेळा, एतिहादला विकले आणि मग भाड्यानं वापरले. जेट अबुधाबीला प्रवासी पोचवू लागली, पुढचा लांबचा प्रवास एतिहादचा. १७ एप्रिल २०१९ ला जेट थांबली. वाढवून दिलेल्या जागा कागदावर तशाच राहिल्या. पुण्याचा विषय निघाला की मला हेच आठवतं. एकदा दिलेली जागा परत मागता येत नाही.

हजचंही सांगते, कारण मिरजेची पुष्कळ कुटुंबं माझ्याकडे उमराहच्या तिकिटांसाठी येतात. हज समितीतर्फे जाणाऱ्यांना विमान निवडायची मुभा नसे. एअर इंडिया नाहीतर सौदीची कंपनी, आणि भाडं नेहमीच्या मानानं चढं. वरचा फरक सरकार अनुदान म्हणून भरायचं. नाव यात्रेकरूंचं, पैसा विमान कंपन्यांच्या खात्यात. या लोकांना वर्षानुवर्षं टोमणे ऐकावे लागले. मिरजेतले एक निवृत्त शिक्षक मला म्हणाले होते, "ताई, आम्हाला अनुदान नको, स्वस्त विमान निवडायची परवानगी द्या." २०१८ मध्ये अनुदान बंद झालं. सरकारी कंपनीला तगवायचा हा मार्ग होता. कंपनी त्यानं सुधारली नाही, आणि एका समाजावर उगाच उपकाराचा शिक्का बसला. देशी कंपनीला संरक्षण म्हटलं की मी म्हणून सावध होते.

दुबईत विमान कंपनीचे अध्यक्ष आणि तिथल्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचे अध्यक्ष एकच आहेत, शेख अहमद. विमानतळ कधी वाढवायचा, कुठल्या शहराला विमान लावायचं, जागा कुणाकडे मागायच्या, सगळं एका टेबलावर ठरतं. आपल्याकडे जागांचा करार नागरी विमान वाहतूक मंत्रालय करतं, विमानतळ कुणा खासगी कंपनीकडे असतो, इंधनाची किंमत तेल कंपन्या ठरवतात आणि त्यावरचा व्हॅट राज्य सरकार लावतं. विमानाचं इंधन २०१७ पासून आजपर्यंत जीएसटीच्या बाहेर आहे. महाराष्ट्रात मुंबई-पुण्याला त्यावर २५ टक्के व्हॅट होता, २०२३ च्या अर्थसंकल्पात तो १८ वर आणला. विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास असतो.

आता कुणी म्हणेल, परदेशी प्रवासाचा या व्हॅटशी काय संबंध? फार जवळचा आहे. एमिरेट्सला देशांतर्गत विमान चालवावंच लागत नाही, देशच एवढासा आहे. आपल्या कंपनीला मुंबईचं मोठं विमान भरायचं तर कोल्हापूर, नागपूर, इंदूरहून माणसं आधी मुंबईत आणावी लागतात. ती छोटी विमानं या करभरल्या इंधनावर उडतात. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ चा, राजाराम महाराजांच्या काळातला. पण तिथली मुंबईची सेवा छोट्या शहरांसाठीच्या सरकारी उडान योजनेत सुरू होते, बंद पडते, पुन्हा सुरू होते. कोल्हापुरात बॅग टाकली ती थेट लंडनला उचलली, अशी जोडणी झाली तर सांगलीचा माणूस सायनच्या पुलाखाली कशाला उतरेल?

त्यात एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं आपल्या विमानांना हद्द बंद केली. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानांना वाटेत व्हिएन्नाला उतरून इंधन घ्यावं लागलं, दिल्ली-वॉशिंग्टन सेवा सप्टेंबर २०२५ पासून थांबली. आखाती कंपन्यांना ही अडचण नाही. हे कुणाच्या हातातलं नव्हतं, पण आधीच अशक्त असलेल्याला असा फटका जास्त लागतो.

मालाचंही थोडं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. परदेशी शिष्य-कलाकार थेट मिरजेत मागणी नोंदवतात आणि भोपळ्याचं वाद्य बोटीनं महिनाभर पाठवायला कुणी धजत नाही, ते विमानानंच जातं. आपल्याकडे मालवाहू विमानं मोजकी, मोठी प्रवासी विमानंही कमी, त्यामुळे ती पेटी बहुतेक वेळा परदेशी विमानाच्याच पोटात असते. मोठी विमानं आपली हवीत, यामागे हेही एक कारण आहे.

मग दार लावलेलंच ठेवायचं का? इथे माझं गिऱ्हाईक मला पकडतं, आणि ते बरोबर असतं. जागा गोठवल्या की दिवाळीत, डिसेंबरात, मे महिन्यात भाडी चढतात. विट्याच्या एका गलाईवाल्या, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्या, काकांचा नातू दुबईत नोकरीला आहे. नाताळच्या सुट्टीत येतो म्हणाला आणि भाडं बघून बेत फेब्रुवारीवर गेला. "सरकारनं कंपन्या जगवायच्या आणि पैसे आमी भरायचं, ह्यो कुठला न्याय?" असं काकांनी विचारलं. हा पैसा खरोखर त्यांच्या खिशातून जातो. दुबईच्या आपल्या वाट्याच्या जागाही आता इंडिगो आणि एअर इंडिया एक्स्प्रेस जवळजवळ पुऱ्या वापरतात, त्यामुळे आपल्याच कंपन्यांना वाढवायच्या म्हटलं तरी वाव उरलेला नाही.

म्हणून मला दार कायमचं बंद नको आणि सरसकट उघडंही नको. एअर इंडियानं फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदवली, इंडिगोनं त्याच वर्षी जूनमध्ये ५०० ची. इंडिगोनं २०२४ मध्ये पहिल्यांदाच लांब पल्ल्याची तीस ए३५० मागवली, आणि ती येईपर्यंत भाड्याच्या ड्रीमलायनर विमानांवर मुंबईहून मँचेस्टर, अ‍ॅमस्टरडॅम सुरू केलं. म्हणजे मोटर दुरुस्त होते आहे. ही विमानं यायला जी वर्षं लागतील तेवढी वर्षं जागा राखून ठेवायला माझा पाठिंबा आहे. पण ती मुदत सरकारनं तारखेसकट जाहीर करावी. त्या मुदतीत कुठल्या कंपनीनं कुठली नवी थेट सेवा सुरू केली, किती जागा वापरल्या, हे दर तिमाहीला लोकांसमोर ठेवावं. इंधन जीएसटीत आणावं. आणि वापर झाला नाही तर मुदत संपताच जागा खुल्या कराव्यात. विट्याचे काका जास्तीचं भाडं भरतात, तर त्याच्या बदल्यात काय मिळतंय हे त्यांना कळायला हवं.

पुण्याचं दार मात्र मला वेगळ्या कारणानं राखायचं आहे. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटर. मोठं विमान पूर्ण भरून, पुरतं इंधन घेऊन युरोपला तिथून निघू शकत नाही. मग आज तिथून वाढेल काय, तर छोट्या विमानांनी दुबई. ती सवय एकदा लागली की सांगली, सातारा, सोलापूर, नगरचा सगळा प्रवासी त्या वाटेला लागेल आणि उद्या पुण्याजवळ पुरंदरला ठरलेला लांब धावपट्टीचा नवा विमानतळ झाला तरी तिथून फ्रँकफर्ट किंवा लंडनला थेट विमान लावायची हिंमत कुठलीही भारतीय कंपनी करणार नाही, कारण तोवर भरायला माणसं उरलेली नसतील. हिंजवडीतले अभियंते, चाकणच्या जर्मन कारखान्यांचे लोक, आमच्याकडची जर्मनीत शिकणारी मुलं, एवढ्यांवर एक थेट विमान रोज भरतं की नाही, ते आपल्या कंपनीनं आधी करून बघावं. पुरंदरच्या पहिल्या पाच वर्षांसाठी ही संधी राखून ठेवा आणि त्याची अट आत्ताच लिहून काढा, एवढं मी आमच्या खासदारांना पत्रानं कळवलं आहे. तुम्हीही आपापल्या खासदारांना कळवा. पत्राचा मजकूर हवा असेल तर ऑफिसला येऊन घेऊन जा, रविवार सोडून रोज उघडं असतं.